विषय: सप्टेंबरमध्ये लंडनला येतेय, पहिले दोन महिने कसे काढू?

नमस्कार मंडळी,
मी परभणीची, पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायला येतेय. सरकारी शिष्यवृत्ती मिळालीय, फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही त्यात आहे, पण सीनियर म्हणतात पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत दिवाळी उजाडते. घरी कोरडवाहू शेती, हाताशी फारसं काही नाही. मैत्रीण म्हणते तिकडे फूड डिलिव्हरी करून सहज निभतं. खरंय का? आणि रूमसाठी तिकडचा गॅरंटर (भाड्याला जामीन राहणारा) मागतायत, तो मी कुठून आणू?

उत्तर १:
अगं आधी मनापासून अभिनंदन, परभणीहून इथवर येणं सोपं नाही, तुझ्या आईबाबांनाही सांग.
आता डिलिव्हरीचं. ते अजिबात करू नकोस. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, पण या अ‍ॅपवाली मुलं कंपनीची नोकर नसतात, स्वतःचा धंदा करतात असं धरलं जातं आणि तो आपल्या व्हिसावर चालत नाही. दुसऱ्याच्या अकाउंटवर गाडी मारणारे दिसतील, त्यांच्या नादी लागू नको, पकडलं तर व्हिसाच धोक्यात. कॅफे, दुकान, युनिव्हर्सिटीची लायब्ररी, अशी पगाराची नोकरी बघ. आणि ते २० तास सोमवार ते रविवार मोजतात, या आठवड्यात २५ आणि पुढच्यात १५ असं नाही चालत. मास्टर्सवाल्यांना उन्हाळ्याची सुट्टीही नसते बरं का, डिझर्टेशन (शेवटचा प्रबंध) चालू असतं म्हणून तेव्हासुद्धा २० तासच, इथे भले हुशार फसतात.
त्यापेक्षा निघायच्या आधीच शिष्यवृत्तीचं पत्र युनिव्हर्सिटीच्या फी ऑफिसला पाठव, म्हणजे फीचं बिल थेट सरकारकडे जाईल. युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये, म्हणजे होस्टेलमध्ये रूम घे, तिथे सहसा गॅरंटर लागत नाही, आणि भाडं हप्ता आल्यावर भरू का हे ईमेलवर विचार, तोंडी नको. बाहेरच घ्यायची झाली तर काही युनिव्हर्सिट्या स्वतः गॅरंटर होतात, तेही विचार. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त देऊ नको, वर्षाचं भाडं ५०,००० पाउंडांच्या आत असेल तर कायद्याने तेवढंच घेता येतं. खोली बघितल्याशिवाय तर एक पाउंडही पाठवू नको, व्हॉट्सअ‍ॅपवर किल्लीचा फोटो टाकून लुटणारे आहेत.
पैशापायी अभ्यास अर्धा सुटू नये एवढंच वाटतं गं. बाबासाहेबांची बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली त्यांनासुद्धा लंडनचा अभ्यास टाकून परत जावं लागलं होतं, १९२० ला पुन्हा आले तेव्हा पुरा झाला. तू आलीस की १० किंग हेन्रीज रोडला जाऊन ये, ते त्या काळात राहायचे ते घर आता स्मारक आहे.
पहिल्या आठवड्यात आमच्याकडे राहा, संकोच नको.

उत्तर २:
काकूंनी सगळं सांगितलंच, मी पण शिष्यवृत्तीवरच आलो होतो म्हणून दोन गोष्टी. युनिव्हर्सिटीकडून स्टुडंट असल्याचं सर्टिफिकेट घे, फुलटाइम विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) माफ असतो. दुसरं, कोर्सनंतर इथेच राहून काम करायला ग्रॅज्युएट व्हिसा घ्यायचा असेल आणि आधीच्या १२ महिन्यांत फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही सरकारने दिले असतील तर त्यांचं लेखी संमतीपत्र लागतं. भारतात परत यायची अट कशी लिहिलीय ते शिष्यवृत्तीच्या बाँडवर सही करायच्या आधीच नीट वाच. संमतीपत्र हातात यायला वेळ जातो, म्हणून डिझर्टेशन चालू असतानाच त्या पत्रासाठी अर्ज टाक.