पीसीओएस: गोळीने पाळी येते, साखरेचं काय?

निशिगंध:
भाचीला (वय २२) पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होणारा अंडाशयाचा विकार) निघालं. सोनोग्राफी झाली, गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या, वर 'वजन कमी कर'. आईला मधुमेह आहे, तरी पोरीची साखर कोणी तपासली नाही! गोळीवर पाळी तारखेला येते, घरचे निर्धास्त. पण ती बीज सुटून आलेली पाळी नव्हेच, गोळ्या थांबल्यावर होणारा रक्तस्राव आहे. इन्सुलिनचा प्रतिरोध (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही तो) जागच्या जागी, वर गोळीतल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढू शकतात. मेटफॉर्मिनच (मधुमेहाचं औषध) द्यायला हवं होतं.

खडीसाखर:
असहमत. चार-चार महिने पाळी येत नाही तेव्हा गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो. गोळी ते रोखते. शिवाय तिच्यामुळे यकृतात एसएचबीजी (संप्रेरकांना बांधून ठेवणारं प्रथिन) जास्त बनतं, रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) घटतं, हनुवटीवरचे केस आणि मुरुमं कमी होतात. आरशासमोर रोज चिमटा घेऊन बसणाऱ्या मुलीला 'हे वरवरचं आहे' असं सांगून बघा! पीसीओएसच्या २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही पाळी आणि केसांसाठी गोळी, साखर-चरबीसाठी मुख्यतः मेटफॉर्मिन, असंच आहे.

निशिगंध:
त्याच मार्गदर्शिकेत निदान होताच साखर तपासा, वजन कितीही असो, असंही आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेली साखरेची तपासणी, म्हणजे जीटीटी, सगळ्यात खात्रीची. नुसती उपाशीपोटीची साखर पुष्कळदा नॉर्मल येते आणि फसवते. हे का गाळता?

खडीसाखर:
गाळत नाही. तपासणी राहिली हा गोळीचा दोष कसा?

उंबरठा:
दोघीही 'गोळी' म्हणताय, पण कुठली? सायप्रोटेरोन (पुरुषी संप्रेरकांना अडवणारं औषध) आणि ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनवाली पहिल्या पसंतीची नाही, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका जास्त. सरकारी माला-एनमध्ये ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल (गोळीतलं दुसरं संप्रेरक). अशा गोळीवर वर्षाला दहा हजारांत ५ ते ७ जणींना गुठळी होते, गोळी न घेणाऱ्यांत सुमारे २. गरोदरपणात धोका याहून जास्त. बीपी, मायग्रेन, सिगारेट विचारल्याशिवाय मात्र कुठलीच देऊ नये.

खडीसाखर:
आणि निशिगंधताई, मेटफॉर्मिनने गर्भ राहायचा थांबत नाही. उलट बीज सुटायला लागलं तर शक्यता वाढते. भाचीला हे कोणी सांगितलंय का?

निशिगंध:
नाही. विचारते. पण जीटीटी आधी.