आडनाव एक, मूळ पुरुष किती?

नमस्कार मंडळी,

आमच्या कुलवृत्तान्तात तीन भावांच्या तीन शाखा दिल्या आहेत. आमची धाकटी. थोरल्या शाखेपुढे एका पिढीनंतर "पुढील माहिती उपलब्ध नाही" एवढंच छापलंय. आमचंच आडनाव आणि गोत्र असलेलं एक कुटुंब आपल्या मंडळात आहे. ते आमचे भाऊबंद आहेत का, हे वाय-डीएनए चाचणीतून कळेल का? मी नमुना दिला तर चालेल की भावाने द्यायचा? मामेभाऊ तर एका पायावर तयार आहे!

————

ताई,

तुमचा नमुना चालणार नाही. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडेच जातो. वडील, भाऊ, काका, चुलतभाऊ, कोणीही चालेल. मामेभाऊ आणि आतेभाऊ बाद, त्यांचा वाय त्यांच्या वडिलांच्या घराण्याचा.

आडनाव जुळलं म्हणून हुरळून जाऊ नका. कुलकर्णी, देशपांडे ही वतनावरून पडलेली, 'कर' लागलेली बहुतेक गावावरून. एका आडनावाला अनेक मूळ पुरुष असणारच. गोत्रही एकेका घराण्यापुरतं नसतं. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी इंग्लंडमध्ये स्वतःच्याच आडनावाचे पुरुष तपासले. २००० साली निष्कर्ष छापले. जवळजवळ निम्म्यांचा वाय एकसारखा निघाला, बाकीच्यांचा नाही. तेव्हा मार्कर, म्हणजे वायवरच्या तपासायच्या जागा, होते फक्त चार! आज ३७ किंवा १११ तपासून मिळतात.

प्रत्येक मार्करवर डीएनएचा एक छोटा तुकडा ओळीने किती वेळा आलाय, तो आकडा मोजतात. डीवायएस३९० या मार्करवर एकाचा २४, दुसऱ्याचा २५ आला तर एका पायरीचा फरक. १११ पैकी दोन-तीन पायऱ्या असतील तर नातं बहुधा जवळचं. वीस-पंचवीस असतील तर कुलवृत्तान्ताच्या काळात मूळ पुरुष एक असणं शक्य नाही. १२ मार्करची जुळणी मी तरी मोजतच नाही. अहवालात आर१ए किंवा एच असा हॅप्लोग्रुप, म्हणजे वायच्या वंशवृक्षाचा मोठा फाटा, येईल. दोघांचा वेगळा आला तर विषय संपला. एकच आला तरी काहीच सिद्ध होत नाही, ते फाटे हजारो वर्षांपूर्वीचे.

तुमच्या भावाबरोबर मधल्या शाखेतलाही एक पुरुष तपासा. सख्खे चुलते-पुतणे नकोत, जितकं लांबचं नातं तितकं बरं. ते दोघे जुळले तर मूळ पुरुषाचा वाय हाती आला. मग मंडळातल्या कुटुंबाचा नमुना त्याच्याशी ताडायचा.

————

काका, मधल्या शाखेचा नमुना जुळलाच नाही तर? घरात नसते वाद नकोत.

————

आमच्या पिढीला विचाराल तर पहिला संशय दत्तकाचा. वतन टिकवायला दत्तक सर्रास घेत, आणि तो दरवेळी भाऊबंदांतलाच असे असं नाही. तिथे घराणं चालू राहतं, वाय बदलतो. तेव्हा कुठल्या शाखेत बदल झाला ते ठरवायला त्या दोन शाखांतलेच आणखी लांबचे पुरुष शोधावे लागतात.

मात्र हे सगळं नमुना घेण्याआधी प्रत्येकाला सांगा आणि निकाल कोणाकोणाला दाखवायचा ते लिहून घ्या. मंडळातल्या त्या कुटुंबालाही आधी खासगीत विचारा, इथे नाव घेऊ नका. आणि कंपनी निवडताना बघा: नुसता हॅप्लोग्रुप सांगणारी चाचणी कामाची नाही, मार्करचे आकडे हातात मिळायला हवेत.