पाणथळ अभयारण्यात लहान मुलांना न्यावं का?

चक्रवाक: गेल्या रविवारी आम्ही सात जण नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलो होतो, त्यात तीन पोरं, चार ते नऊ वर्षांची. चापडगावच्या मनोऱ्यावरून बघताना समोरच्या उथळ पाण्यात वारकरी पाणपक्ष्यांचा (कूट) काळाभोर थवा चरत होता. तेवढ्यात खाली काठावरच्या एका घोळक्यातल्या मुलांनी टाळ्या पिटल्या, मोठ्यांनी मोबाइल वर धरले आणि सगळा थवा उठला. थोड्या वेळाने दुसऱ्या घोळक्याने तेच केलं. माझं मत झालंय की डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात दहा वर्षांखालच्या मुलांना तिथे नेऊच नये. आमचीही आलीच त्यात. 1986 पासून हे अभयारण्य आहे, 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं. पोरांना खेळायला दुसऱ्या जागा आहेत.

गोदाकाठ: अजिबात पटलं नाही. मी जवळच्याच गावचा. गोदावरी-कादवाच्या संगमावर सिंचनासाठी बंधारा घातला, मागे गाळ साचला, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या, म्हणून पक्षी आले. माणसाच्या शेजारीच वाढलेली जागा आहे ही. आमची पोरं लहानपणापासून हे पक्षी बघतात, त्यांनाही बंदी का? गावातली मुलं गाईड म्हणून दुर्बिणी घेऊन उभी राहतात, त्यांचं सुट्टीच्या गर्दीवरच भागतं. पक्षी राहिले तर आपलं काम राहील, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आणि उठायचं म्हणाल तर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला तरी अख्खा थवा उठतो.

शेकाट्या: भोवत्या येतो आणि जातो. रविवारी माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतात, हा फरक आहे दादा. वारकरी जड पक्षी, पाण्यावर लांबवर धावत गेल्याशिवाय त्याला उडता येत नाही. दर वेळी ताकद खर्च होते आणि तेवढा वेळ चरणंही बुडतं. पट्टकादंब ही रानहंसं तर हिमालय ओलांडून येतात, परतीच्या प्रवासासाठी त्यांना इथेच अंगात चरबी साठवायची असते. फोटोसाठी त्यांना उठवणं म्हणजे ताटावरून उठवणं. मी चक्रवाक यांच्या बाजूने.

लेकीची_आई: टाळ्या मुलांनी वाजवल्या, पण मोबाइल कुणी धरले होते? वयाची अट मुलांना कशाला, समजेची अट मोठ्यांना घाला. माझी लेक सहा वर्षांची. आदल्या रात्री तिला सांगून ठेवलं होतं की तिथे कुजबुजायचं. गाईडने स्कोपमधून जांभळी पाणकोंबडी दाखवली. लाल चोच, लांब बोटं, पायात देठ धरून खाणं. लेक पंधरा मिनिटं जागची हलली नाही. परतताना तिनेच गाडीतली गाणी बंद करायला लावली. ही मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत घरी बसवायची?

चक्रवाक: ताई, वयाचा मुद्दा मी मागे घेतो. आमच्या नऊ वर्षांच्यापेक्षा चार वर्षांचाच शांत होता, हेही खरं. पण काठावर उतरण्याबद्दल मी हटणार नाही. मनोऱ्यावरून, गाईडबरोबर, एका वेळी मोजकीच माणसं, एवढं तरी हवंच. गोदाकाठ, यात गाईडचं काम वाढेलच.

गोदाकाठ: गाईड सक्तीचा करा, आमची हरकत नाही. पण मोजकी म्हणजे किती, ते गावाला विचारून ठरवा. रविवारी परत पाठवलेल्या गाड्या आमच्याच बांधावर उभ्या राहतात.