मदत हवी आहे: छपरावर कुंड्या लावल्या तरी भुतं घरात येतायत, संध्याकाळच्या आत उपाय सांगा

विश्रामबागची_लेक (सकाळी ११.१२)
पटकन कुणीतरी सांगा. अंगण, रात्र, तलाव, धुकं, सगळं नीट पार पडलं. छपरावर गेल्यापासून बिघडलंय. कुंड्या मांडल्या, वाटाणे लावले, पुढं अक्रोडांची रांग लावली, तरी भुतं सरळ आत. पाच दिवस हेच चाललंय. सकाळपासून चार फोन आलेत आणि इथं बँकेत क्लोजिंग आहे. कुठं काय लावायचं तेवढंच लिहा, मी फोनवर सांगते. प्रश्न माझा नाही, तात्यांचा आहे.

गच्चीवरची_बाग (११.२०)
नमस्कार ताई. छपरावर पहिली गोष्ट बघायची ती वजन. माती कमी, कोकोपीट आणि कुजलेलं शेणखत जास्त. कुंडीखाली विटा ठेवा, नाहीतर स्लॅबला ओल धरते. वाटाणा हे थंडीतलं पीक, सांगलीच्या मार्चमधल्या उन्हात गच्चीवर तो टिकणार नाही, फुलगळ होणारच. आणि अक्रोड आपल्याकडं येत नाही हो, तो काश्मीर-हिमाचलचा. रोपं कुणाकडून घेतलीत? फसवलंय तुम्हाला.

मिरजेचा_तंबोरा (११.२४)
काका, हा गेम आहे. कुंडीही त्यातली, अक्रोडही त्यातला.
ताई, गेमचं नाव तरी लिहा की.

विश्रामबागची_लेक (११.३१)
लिहिलं नाही का? प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज, झाडं लावून घराकडं येणारी भुतं अडवायची तो. घरात पंधरा दिवस दुसरा विषय नाही, त्यामुळं सगळ्या जगाला माहीत असेल असं वाटलं.

हेडशॉट_कुपवाड (११.३३)
झॉम्बीच मारायचेत तर बंदुकीचा गेम खेळा म्हणावं. कोबी फेकून भूत मरतं होय?

मिरजेचा_तंबोरा (११.३५)
मरतं. तीच तर मजा आहे.
ताई, पहिला भाग की दुसरा? मोबाइल की लॅपटॉप? कितवी पायरी? आणि सुरुवातीला कोणकोणती झाडं निवडतात? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

फुकट_ते_पौष्टिक (११.४०)
दुसरा असेल तर डोकं लावू नका. २००९ ला पॉपकॅपनं पहिला काढला तेव्हा एकदा पैसे भरले की गेम तुमचा. २०११ ला ईए नावाच्या बड्या कंपनीनं पॉपकॅपच विकत घेतली आणि २०१३ ला दुसरा भाग आला तो 'फुकट'. म्हणजे आत यायला फुकट, चांगली झाडं पाहिजेत तर खिसा मोकळा करा. जत्रेतल्या पाळण्यात बसवून मधेच थांबवायचं आणि वर परत पैसे मागायचे, तसला प्रकार.

हेडशॉट_कुपवाड (११.४३)
दुसरा मी पूर्ण खेळलोय, एक रुपया न घालता. इजिप्त आहे, समुद्री चाचे आहेत. पहिल्यात काय, एक अंगण.

फुकट_ते_पौष्टिक (११.४५)
मघाशी कोबीला हसत होतास ना? आणि दुसरा पूर्ण खेळलास?

हेडशॉट_कुपवाड (११.४६)
बहिणीच्या फोनवर.

विश्रामबागची_लेक (१२.०५)
भांडू नका. लॅपटॉप, पहिला भाग, पाच-तीन. भाच्यानं टाकून दिला आणि तो पुण्याला हॉस्टेलवर गेला, परीक्षा आहे म्हणून फोन उचलत नाही. तात्या निवडतात ते असं: सूर्यफूल, साधा वाटाणा, डबल वाटाणा, बर्फाचा वाटाणा, अक्रोड, कुंडी. झाडं निवडायला सहाच जागा आहेत. गेममधल्या दुकानात सातवी मिळते असं भाचा म्हणाला होता, पण तात्या म्हणतात डोक्यावर पातेलं घालून हिंडणाऱ्या त्या दुकानदाराकडून काही घ्यायचं नाही.

मिरजेचा_तंबोरा (१२.११)
हे सकाळीच लिहिलं असतं तर पहिल्या फोनला काम झालं असतं. दोन चुका आहेत.
एक, वाटाणा सरळ रेषेत जातो. छपराची डावी बाजू चढती आहे, तिथं लावलेला वाटाणा समोरच्या कौलांवर आपटतो. भूत वर सपाटीवर उभं, गोळ्या खाली वाया. छपरावर उंचावरून फेकणारी झाडं लागतात, म्हणजे कोबी. शंभर सूर्याला एक, गेममधलं चलन तेच.
दोन, पाच-तीनला शिडीवाला येतो. तो अक्रोडाला शिडी लावतो आणि मागची सगळी गँग वरून उतरते. तुम्ही जेवढे अक्रोड लावाल तेवढे त्याला जिने बांधून देताय. वरून पडलेला कोबी शिडी चुकवून थेट त्याच्या डोक्यात बसतो, म्हणून पुन्हा कोबीच.
आणि पातेलेवाल्याकडून जागा घ्याच. साडेसातशेला आहे, ते पैसे गेममधलेच, खिशातले नव्हेत.

बुलगाणीन (१२.१८)
लोहचुंबकाचं मशरूम लावा, शिडी ओढून घेतं. सोपं.

मिरजेचा_तंबोरा (१२.१९)
मशरूम दिवसा झोपतं. त्याला कॉफी पाजावी लागते, म्हणजे आणखी एक जागा अडली. सहा जागांत हा थाट परवडत नाही.

बुलगाणीन (१२.२१)
मी तसंच जिंकलो होतो.

मिरजेचा_तंबोरा (१२.२१)
दहा जागा असताना जिंकला असाल.

जागरूक_पालक (१२.३०)
विषय गेमचा असला तरी सांगावंसं वाटतं. मुलांच्या हातात असले हिंसक गेम देताना विचार करा. मेंदू खाणारी भुतं काय, स्फोट काय. आमच्या वेळी विटी-दांडू होता.

विश्रामबागची_लेक (१२.४१)
मूल एकाहत्तर वर्षांचं आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, विटी-दांडू जमणार नाही.
तंबोरा, धन्यवाद, पण कोबी ते लावणार नाहीत. आत्ताच फोन केला. वाळव्याकडं आमचं शेत आहे. एका वर्षी दीड एकर कोबी केला होता, भाव असा पडला की काढणीची मजुरीसुद्धा निघेना. उभ्या पिकावर रोटाव्हेटर फिरवला. तेव्हापासून घरात भाजीलाही कोबी येत नाही. मी म्हटलं, 'तात्या, हा खोटा कोबी आहे.' तर म्हणाले, 'भाव तरी कुठं खरा होता?'

तासगावचा_बागायतदार (१२.५५)
तात्यांना माझा नमस्कार सांगा. मी गेम खेळत नाही पण धागा वाचून हसू आलं. आम्ही द्राक्षवाले छाटणी झाली की रात्रंदिवस तेच करतो. इकडून दावण्या, तिकडून भुरी, असले रोग, मधेच अवकाळी. एक ओळ सांभाळावी तर दुसरीत घुसतं. फरक एवढाच की गेममध्ये भूत घराशी पोचलं की शेवटाला गवत कापायचं यंत्र धावून येतं म्हणे, आमच्यात येत नाही.

फुकट_ते_पौष्टिक (१.०२)
यंत्र एका ओळीला एकदाच धावतं, दादा. पीकविम्यासारखं नाही, एकदा तरी नक्की येतं.

कृष्णाकाठ (१.१०)
एक विचारू? राग मानू नका. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्यात एवढं काय आवडलं? आमचे वडील टीव्हीवरच्या बातम्यांपलीकडं जात नाहीत.

विश्रामबागची_लेक (२.१५)
जेवणाच्या सुट्टीत लिहितेय म्हणून सविस्तर.
पहिले दोन दिवस नुसते बाजूला बसून भाचा काय करतोय ते बघत होते. मग तो पेपरवाला आला. पेपर वाचत वाचत चालणारं भूत. वाटाणे लागून पेपर फाटला की क्षणभर थांबतं आणि चिडून पळतच सुटतं. तात्या इतके हसले की टाके दुखले. रोज सकाळी त्यांच्या हातातला पेपर आईनं ओढला की त्यांचं अगदी हेच होतं, हे घरात सगळ्यांना दिसलं. मग एक डोक्यावर बादली घालून आला. त्याला बघून गावातल्या एका माणसाचं नाव घेतलं, ते इथं लिहीत नाही. आता प्रत्येक भुताला गावातलं नाव आहे आणि हल्ला सुरू झाला की मोठ्यानं पुकारा होतो.
दुसरं म्हणजे भुतं सावकाश येतात. आधी सूर्यफुलं लावायची, ऊन गोळा करायचं, मग बाकीचं. हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. भाचा पहिल्यांदा सगळं ऊन बंदुकीवर घालवायचा, तर म्हणाले, 'आधी भांडवल, मग हौस.' दोन महिने शेतावर जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. लॅपटॉपवर पाच ओळी तरी त्यांच्या ताब्यात आहेत.

बुलगाणीन (२.२२)
तो डिस्को भूत आहे ना, नाचत येणारा, तो आधी मायकल जॅक्सनसारखा होता. त्याच्या वारसांनी हरकत घेतली म्हणून २०१० मध्ये बदलला. आणि गेम संपला की सूर्यफूल गाणं म्हणतं. संगीत लॉरा शिगिहारा यांचं, गायल्यात पण त्याच. तात्यांना शेवटपर्यंत न्या, गाणं चुकवू नका.

कृष्णाकाठ (२.३०)
कळलं. आम्ही मुलाला घेऊन दिला होता, तलावापर्यंत खेळला. बदकाची ट्यूब कमरेला घालून भूत पाण्यातून येतं तिथं आमची आई उठून आत गेली. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गल्लीतून लोक ट्रकच्या ट्यूबवर बसून बाहेर पडले होते. गेम करणाऱ्याला ते काय माहीत असणार! मुलगा मात्र हसत होता, त्याला पूर आठवत नाही.

जागरूक_पालक (२.३८)
म्हणूनच म्हणत होतो.

कृष्णाकाठ (२.४०)
नाही, तुम्ही दुसरंच म्हणत होता.

मिरजेचा_तंबोरा (२.४७)
ताई, कोबी नको तर मका लावा. पाच-दोन जिंकल्यावर मिळालेला असणार. तोही उंचावरून फेकतो, किंमत तीच शंभर. दाण्याचा मार कोबीच्या निम्मा आहे, पण मधूनच लोण्याचा गोळा फेकतो, तो डोक्यावर बसला की भूत जागच्या जागी थिजतं. तिन्ही वाटाणे काढा, अक्रोड काढा. सूर्यफूल, कुंडी, मका घ्या, आणि गर्दी झाली की ओळ जाळायला मिरची. मागं सूर्यफुलांच्या दोन उभ्या रांगा, पुढं जमेल तेवढा मका. मक्याबद्दल तात्यांची काही तक्रार नाही ना?

बुलगाणीन (२.५१)
नुसत्या मक्यावर नाही निघायचं. बादलीवाले आले की कमी पडेल.

मिरजेचा_तंबोरा (२.५२)
मिरची लिहिलीय वर. वाचा.

विश्रामबागची_लेक (२.५५)
मक्याला हरकत नाही, म्हशींना लागतोच म्हणाले. सांगितलंय.

गच्चीवरची_बाग (४.१०)
गेम आहे हे मला आत्ता कळलं, माफ करा. तरी मार्चमध्ये गच्चीवर मका लावायला हरकत नाही, रोज दोनदा पाणी द्यावं लागेल.

विश्रामबागची_लेक (रात्री ९.४०)
जिंकले! तिसऱ्या खेपेला. लोणी डोक्यावर बसलेलं भूत बघून आईसुद्धा हसली. सातवी जागा मात्र अजून घेतलेली नाही, पातेल्याचा मुद्दा कायम आहे.
आता पाच-चार. दोरीला लटकून एक जण वरून येतो आणि अख्खं झाड उपटून घेऊन जातो. तात्या म्हणतायत हा गावातलाच आहे, मी ओळखतो. याला काय करायचं?

मिरजेचा_तंबोरा (९.५२)
आधी सांगा, कोणती झाडं निवडली होती?