एकाच दस्तऐवजात सगळा गट, पण लिहिणारे दोघेच: साधन बदलावे की काम?

प्रयोगवही (प्रश्न)

मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. गेल्या सत्रापासून गटकार्यासाठी गुगल डॉक्समधील सामायिक दस्तऐवज वापरत आहे. पाच-सहा विद्यार्थ्यांचा एक गट, प्रत्येक गटाचा स्वतंत्र दस्तऐवज, आणि त्या प्रत्येकात मला टिप्पणी करण्याची मुभा, अशी रचना आहे. तासाला वेळ न पुरल्यामुळे जी चर्चा राहून जाते ती येथे व्हावी, आणि वर्गात कधीही हात वर न करणारी मुले निदान येथे तरी बोलती व्हावीत, एवढीच अपेक्षा होती.

प्रत्यक्षात गटातील एक-दोघे सगळे लिहून काढतात आणि उरलेले शेवटच्या दिवशी येऊन एखादी वेलांटी सुधारतात किंवा नुसते नाव घालून जातात. एका गटात एका मुलीने लिहिलेला संपूर्ण परिच्छेद दुसऱ्याने, तो त्याला पटला नाही म्हणून, पुसून टाकला; त्यानंतर ती मुलगी त्या दस्तऐवजाकडे फिरकलीच नाही. माझ्या टिप्पण्यांचेही तेच. विद्यार्थी टिप्पणी निकाली काढल्याची खूण करतात, ती समासातून नाहीशी होते आणि मजकूर मात्र जसाच्या तसा राहतो.

सहकारी पॅडलेट (ऑनलाइन सूचनाफलक) किंवा मूडल (ऑनलाइन अभ्यासवर्ग चालवण्याची प्रणाली) वापरून पाहा असे सुचवतात. साधन बदलून हे सुटेल का, की कामाची आखणीच बदलायला हवी? आणखी एक अडचण म्हणजे, मी दस्तऐवज उघडला की माझे नाव वर दिसते आणि मुलांचे लिहिणे थांबते. अशा वेळी शिक्षकाने तेथे किती आणि केव्हा असावे?

पायवाट

आपण वर्णन केलेली अडचण साधनाची कमी आणि कामाच्या स्वरूपाची अधिक आहे, असे मला वाटते. "या विषयावर गटाने मिळून निबंध लिहा" असे सांगितले की ते काम एकट्यालाही पूर्ण करता येते, आणि जे एकट्याला करता येते ते गटातला सर्वांत उत्साही किंवा सर्वांत काळजीखोर विद्यार्थी एकटाच करून टाकतो. बाकीच्यांचा आळस हे त्याचे कारण नसते. त्यांच्यावाचून काही अडत नाही, हे त्यांना दिसत असते.

एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथील शाळांसाठी "जिगसॉ" ही वर्गपद्धती आखली, ती नेमकी याच दुखण्यावर आहे. गटातील प्रत्येकाकडे विषयाचा असा एक भाग द्यायचा, जो त्या गटात दुसऱ्या कोणाकडेही नाही. निरनिराळ्या गटांतले, एकच भाग मिळालेले विद्यार्थी आधी एकत्र बसून तो भाग समजून घेतात, मग आपापल्या गटात परत येऊन इतरांना शिकवतात. त्यामुळे जो एरवी गप्प असतो त्याचे ऐकण्यावाचून गटाला गत्यंतर राहत नाही. ऑस्टिनमधील शाळांत तेव्हा वांशिक विलगीकरण नुकतेच संपले होते, मुलांमध्ये तीव्र वैर होते, आणि एकमेकांची गरज निर्माण करणे हाच या पद्धतीचा हेतू होता.

सामायिक दस्तऐवजावर ही पद्धत फार चांगली बसते. समजा विषय आहे उत्कलन. एकाला वातावरणीय दाबाची माहिती द्या, दुसऱ्याला निरनिराळ्या उंचीवरील उत्कलनबिंदूंचा तक्ता, तिसऱ्याला प्रेशर कुकरची रचना, चौथ्याला पाण्यात मीठ विरघळल्यावर काय होते हा भाग. मग गटाला असा एकच प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर हे सगळे तुकडे जोडल्याशिवाय मिळत नाही: "तीन हजार मीटर उंचीवर डाळ शिजायला अधिक वेळ का लागतो, आणि तेथे कोणता उपाय चालेल, कोणता चालणार नाही?" आता दस्तऐवज ही केवळ उत्तर टंकण्याची जागा राहत नाही, तुकडे जेथे एकमेकांना भिडतात ती जागा होते.

परिच्छेद पुसण्याच्या प्रकाराबद्दल एक जुनी घटना येथे सांगण्याजोगी आहे. इलिनॉय विद्यापीठातील प्लेटो ही संगणकाधारित शिक्षणव्यवस्था १९६० पासून विकसित होत होती. तिच्यातील अडचणी कळवण्यासाठी सुरुवातीला सर्वांना खुली असलेली एक धारिका (फाइल) होती. कोणी काय लिहिले याची खात्री नसे आणि कोणीही दुसऱ्याचे लेखन पुसू शके. १९७३ मध्ये डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याऐवजी "नोट्स" हा संगणकीय कार्यक्रम (प्रोग्रॅम) लिहिला. त्यात प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याची ओळख आणि तारीख आपोआप पडे, दुसऱ्याला ती बदलता येत नसे, आणि उत्तर मूळ नोंदीच्या खाली जोडले जाई. सहकार्याला मोकळीक लागते हे खरेच, पण आपले लिहिलेले टिकेल ही हमी त्याहून आधी लागते. आपल्या वर्गातील ती मुलगी परत फिरकली नाही, कारण तिला ही हमीच नव्हती.

म्हणून पहिल्या मसुद्यापुरता साधा नियम करावा: दुसऱ्याच्या वाक्याला हात लावायचा नाही, "सुचवा" या प्रकारातूनच बदल मांडायचा आणि तो स्वीकारायचा की नाही हे मूळ लिहिणाऱ्याने ठरवायचे. गुगल डॉक्समध्ये ही सोय आहे, आणि तेथील आवृत्ती-इतिहासातून पुसलेला परिच्छेद परतही आणता येतो. शक्य असल्यास त्या मुलीचा परिच्छेद आजच परत आणावा आणि तो आणल्याचे तिला सांगावे.

काना-मात्रा

पायवाट यांच्याशी सहमत आहे. मी भाषा शिकवतो, त्यामुळे टिप्पण्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण शिक्षक आणि विद्यार्थी यांची खरी गाठ समासातच पडते.

पूर्ण झालेल्या लेखनावर दिलेला शेरा विद्यार्थी निकाल म्हणून वाचतो. लेखन चालू असताना आलेला प्रश्न मात्र त्याला संवाद वाटतो. कागदी वह्यांच्या काळात दुसरा प्रकार जवळजवळ अशक्य होता, कारण वही एक तर विद्यार्थ्याकडे असे किंवा शिक्षकाकडे. सामायिक दस्तऐवजाने खरोखर काही नवे दिले असेल तर ते हेच, आणि आपण ते वापरत नसलो तर कागदच बरा.

उदाहरण वरच्याच विषयातले घेतो. विद्यार्थ्याने लिहिले: "उंचावर पाणी लवकर उकळते, त्यामुळे अन्नही लवकर शिजते." येथे "चूक, पुन्हा वाचा" असे लिहिले तर तो वाक्य पुसेल, पाठ्यपुस्तकातले वाक्य चिकटवेल आणि टिप्पणी निकाली काढेल. त्याऐवजी असे लिहावे: "पाणी लवकर उकळते हे बरोबर. पण ते उकळत असताना त्याचे तापमान किती असेल?" तक्ता ज्याच्याकडे आहे तो खाली लिहितो, "नव्वद अंशांच्या आसपास." तिसरी मुलगी विचारते, "मग शिजायला उलट जास्त वेळ लागेल ना?" आणि मूळ वाक्य ज्याने लिहिले तोच ते बदलतो. शिक्षकाने एक प्रश्न विचारला, उत्तर एकदाही दिले नाही, आणि तिघांना एकमेकांशी बोलावे लागले.

दोन बाबींचे पथ्य पाळावे. एका दस्तऐवजावर एका वेळी तीनपेक्षा अधिक टिप्पण्या देऊ नयेत. समास भरून गेला की विद्यार्थी त्यातला सर्वांत सोपा शेरा, बहुधा शुद्धलेखनाचा, निवडतो आणि बाकीच्यांवर खूण करून मोकळा होतो. आणि टिप्पणी निकाली काढण्याचा अधिकार ज्याने ती लिहिली त्याचाच, असा वर्गाचा संकेत ठेवावा. विद्यार्थ्याने उत्तर द्यायचे, समाधान झाले की शिक्षकाने ती बंद करायची. बंद झालेल्या टिप्पण्याही टिप्पण्यांच्या यादीत पाहता येतात, त्यामुळे चर्चा हरवत नाही.

दुसरे सत्र

मी स्वतः विद्यार्थिनी आहे, म्हणून केवळ शेवटच्या प्रश्नावर लिहिते. शिक्षकांचे नाव वर दिसले की हात थांबतो, कारण अर्धे वाक्य कोणी वाचत असल्याची जाणीव होते. विचार पक्का होण्याआधीची ती अवस्था दाखवायला आम्हाला संकोच वाटतो, विशेषतः ज्यांची भाषा कच्ची आहे त्यांना. परंतु शिक्षक कधीच आले नाहीत तर लिहिण्यात अर्थ वाटत नाही, हेही तितकेच खरे आहे. आमच्या एका शिक्षिकांनी ठराविक वेळ सांगितली होती: संध्याकाळी सात ते आठ मी दस्तऐवजात असेन, एरवी उघडणार नाही. त्या एका तासासाठी आम्ही प्रश्न राखून ठेवत असू. बाकीच्या वेळी मनमोकळे लिहिता येई, कारण शब्द पाळला जाईल याची खात्री होती.

जोडणी

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. गप्प राहणाऱ्या मुलांसाठी मूडलमधील "प्रश्नोत्तर" प्रकारचा चर्चामंच पाहावा. तेथे विद्यार्थ्याने स्वतःचे उत्तर नोंदवल्याशिवाय त्याला इतरांची उत्तरे दिसत नाहीत, त्यामुळे पहिल्याचे उत्तर पाहून तेच उतरवणे थांबते. कोणी काय लिहिले हे एका दृष्टिक्षेपात पाहायचे असेल तर ईथरपॅड हे सामायिक लेखनाचे साधन सोपे आहे, कारण त्यात प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या रंगात उमटतो. पॅडलेट हा सूचनाफलक आहे. कल्पना गोळा करायला उत्तम, पण दीर्घ लेखन घडवायला नव्हे.

लिंक मिळालेल्या कोणालाही संपादन करता येईल, अशी मांडणी कधीही ठेवू नये. शाळेची खाती असतील तर प्रवेश तेवढ्यांपुरताच द्यावा, आणि मुलांची पूर्ण नावे व छायाचित्रे सार्वजनिक पानावर जाऊ देऊ नयेत. शिवाय प्रत्येक सत्राच्या शेवटी सर्व काम पीडीएफ किंवा साध्या मजकुराच्या रूपात उतरवून घ्यावे. गुगलने जॅमबोर्ड हे फलकाचे साधन २०२४ च्या अखेरीस बंद केले, तेव्हा त्यावरचे काम मुदतीत हलवणे सर्वांनाच भाग पडले. आपली पद्धत एखाद्या कंपनीच्या साधनाला इतकी बांधलेली नसावी की ते बंद पडल्यावर शिकवणेच अडावे.

प्रयोगवही

सर्वांचे मनापासून आभार. परिच्छेद परत आणला आहे आणि त्या मुलीशी बोलणेही झाले. पुढचा घटक तुकडे वाटून देण्याच्या पद्धतीने आखते आहे आणि टिप्पण्यांसाठी निश्चित वेळ जाहीर करणार आहे. एकच शंका उरते, ती गुणदानाची. पूर्ण गटाला सारखेच गुण दिले तर ज्यांनी काम केले त्यांच्यावर अन्याय होतो. आवृत्ती-इतिहासात कोणी किती शब्द लिहिले हे पाहून गुण द्यावेत का?

पायवाट

शब्द मोजून गुण देऊ नयेत, अशी कळकळीची विनंती. तसे केले की मुले लांबलचक मजकूर चिकटवू लागतात, आणि ज्या मुलीने एकच नेमका प्रश्न विचारून सगळे उत्तर बदलून टाकले तिच्या वाट्याला काहीच येत नाही. आवृत्ती-इतिहास हा पुरावा म्हणून वापरावा, मोजपट्टी म्हणून नव्हे.

गटाच्या उत्तराला काही गुण ठेवावेत, आणि उरलेले गुण प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहिलेल्या छोट्या नोंदीला द्यावेत. माझ्याकडचा कोणता तुकडा उत्तरात कोठे वापरला गेला, आणि कोणाच्या कोणत्या सूचनेमुळे माझे मत बदलले, या दोनच प्रश्नांची उत्तरे तीत हवीत. ती नोंद दस्तऐवजाशी ताडून पाहायला फार वेळ लागत नाही. मूडलकडे वळलात तर तेथील "कार्यशाळा" या प्रकारात विद्यार्थी एकमेकांचे काम तपासतात आणि स्वतःच्या कामाला व केलेल्या तपासणीला असे दोन वेगळे गुण मिळतात. दुसऱ्याचे लेखन काळजीपूर्वक वाचणे हेही काम आहे, हे त्यातून मुलांना उघड दिसते. पहिल्या घटकाला मात्र ही नोंद बिनगुणांची ठेवावी आणि मुले काय लिहितात ते पाहून मगच गुणांची विभागणी ठरवावी.