मदत हवी आहे : आयुक्त आणि कलेक्टर यांच्याबद्दल लोकांचं मत कसं मोजावं?

नमस्कार मंडळी. सोलापुरात आम्ही काही जण महापालिका आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांच्या कामाबद्दल जनमत चाचणी घेतोय. व्हॉट्सॲपवर फॉर्म फिरवायचा नाही, हे पक्कं. नुसती उत्तरं जास्त आली म्हणून भागत नाही : १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त उत्तरं आली, तरी निवडणुकीचा अंदाज साफ चुकला. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपचा नमुना (म्हणजे निवडून विचारलेली माणसं) कितीतरी लहान, पण विजेता त्यानेच बरोबर सांगितला. म्हणून मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून ४०० जण निवडणार. एवढ्यात चूक साधारण ५ टक्क्यांच्या आसपास राहते.

खरी अडचण प्रश्नांची आहे. चाचपणी करताना एक काकू म्हणाल्या, "पाणी चार दिवसाला येतंय, कलेक्टर काय करायलेत मग?" शहराचा पाणीपुरवठा महापालिकेकडे! मग ही नाराजी कुणाच्या नावावर मांडायची? आधी 'कोणतं काम कुणाचं' हे विचारून घ्यावं का? की त्यानेच पुढची उत्तरं वळतील? शिवाय नळाला पाणी आलेल्या दिवशीचं मत आणि कोरड्या दिवशीचं मत, फरक पडणारच.

पूर्व भागासाठी प्रश्न तेलुगूत हवेत, काही घरांसाठी कन्नड आणि उर्दूतही. 'समाधानी' आणि 'बऱ्यापैकी समाधानी' यांतला फरक बोलीत नेमका उतरवून देणारं कुणी आहे का? असं सर्वेक्षण केलेल्यांनी कृपया प्रश्नावली एकदा तपासून द्यावी.