उएमुरा शोएन: बाई बंडखोर, चित्रं मात्र सोज्वळ?

निळी_शाई:
भांडायलाच धागा काढतोय. उएमुरा शोएन (१८७५-१९४९, क्योतो) म्हटलं की लगेच "बंडखोर चित्रकर्ती" सुरू होतं. आयुष्य जबरदस्त, मान्यच. बाप जन्माआधीच गेला, आईने चहापत्तीचं दुकान चालवून दोन पोरी वाढवल्या, हिला १९०२ मध्ये लग्नाशिवाय मुलगा झाला, त्याच्या बापाचं नाव हिने कधी जाहीर केलं नाही आणि चित्रं विकून घर चालवलं. पण काढलं काय, तर नीटनेटक्या केसांच्या, नाजूक बोटांच्या सुंदर बायका. बिजिंगा म्हणतात त्याला, बहुतेक पुरुषच काढायचे आधी. मग हिने वेगळं काय केलं?

अबोली:
'होनो' बघितलंय का तुम्ही? म्हणजे ज्वाळा, १९१८ चं. गेंजीच्या कथेतली (जुनी जपानी कादंबरी, गेंजी तिचा नायक) रोकुजो, मत्सराने जिचा जिवंतपणीच आत्मा बाहेर पडून गेंजीच्या बायकोला छळतो. वाकून मागे बघतेय, स्वतःच्याच केसांची बट दातात धरलीय, किमोनोवर विस्टेरियाचे घोस आणि त्यात चक्क कोळ्याची जाळी. डोळे काही केल्या जमेनात, तेव्हा 'नो' नाटकाच्या (मुखवटे घालून करायचं जुनं जपानी नाटक) गुरूने सांगितलं की मत्सरी बाईच्या मुखवट्याला डोळ्यांच्या पांढऱ्यात सोनं असतं, तर हिने रेशमाच्या मागच्या बाजूने सोनं लावलं. ही सोज्वळ?

निळी_शाई:
ताई, ते एकच हो. असलं भयंकर चित्र आपण का काढलं याचं पुढे तिला स्वतःलाच नवल वाटलं होतं. उरलेल्या आयुष्यात परत सुया-दोरे, पडदे, बर्फातल्या छत्र्या.

डोंबिवली_फास्ट:
जरा अवांतर. पंधराव्या वर्षी हिचं चित्र तोक्योच्या प्रदर्शनात लागलं (१८९०) आणि विकत कोणी घेतलं, तर व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट. हा गडी त्याआधी आपल्या मुंबई इलाख्याच्या लष्कराचा प्रमुख होता, इथली नोकरी संपवून घरी जाताना जपानला गेलेला. चला, चालू द्या तुमचं.

अबोली:
सुया-दोरे म्हणजे कमी आहे का? तिची आई तेच करायची ना रात्र रात्र. १९३४ ला आई गेली त्यानंतर ती चित्रं जास्त येतात, सरकत्या दाराच्या कागदाचं भोक बुजवणारी बाई, संध्याकाळच्या उजेडात सुईत दोरा ओवणारी बाई. यातली एकही कोणाला रिझवायला बसलेली नाही. आणि १९०४ ला क्योतोत तिच्या चित्रातल्या बाईच्या तोंडावर कोणीतरी पेन्सिलीने गिरगटून ठेवलं, प्रदर्शनवाले म्हणाले गुपचूप येऊन पुसून जा, बुलबुलासारख्या त्या पक्ष्याच्या विष्ठेने डाग जातो म्हणे. ही म्हणाली, आहे तसंच लावून ठेवा, लोकांना बघू दे.

मिरची_भजी:
आणि ते चित्र कोणाचं होतं ते पण सांगा की. परदेशी गिऱ्हाईक नको म्हणून जीव देणारी योकोहामाची वेश्या. म्हणजे देशाभिमान वगैरे. पुढे १९४१ मध्ये, लढाई चालू असताना, जपानी ताब्यातल्या चीनमध्ये मानाची पाहुणी म्हणून फिरूनही आली. सरकारला अशीच शुद्ध सात्त्विक जपानी बाई हवी होती, ती हिने पुरवली. १९४८ चा संस्कृती सन्मान, जो मिळालेली ही पहिली बाई, तो पण त्याच सात्त्विकतेचा.

अबोली:
चीनचं खरंय, त्यावर मी तिची बाजू घेणार नाही. पण 'जो नो माई' (१९३६) समोर उभं राहून बघा. नोमधल्या नाचाचा एक क्षण, हात पुढे, हातात पंखा, आणि बाई हलत नाही. तिला कोणी हात लावू शकणार नाही असा तो ताठपणा आहे, तोच तिला हवा होता. मॉडेल कोण, तर तिची सून. क्योतोतल्या उत्तम केशकारागिणीकडून नवरीसारखा अंबाडा बांधून घेऊन उभी केली होती.

निळी_शाई:
हेच तर! सासू म्हणते म्हणून एवढं सगळं डोक्यावर घेऊन तासभर हात पुढे धरून उभी राहिलेली ती सून, तिचं चित्र हवंय मला. मान अवघडलेली, पाय भरून आलेले. ते शोएनने काढलं असतं तर मी धागाच काढला नसता.

अबोली:
सासूबाईंचा मुलगा पण चित्रकार होता, शोको. त्याला सांगायचं होतं, त्याचीच बायको ती 😄 त्याने आयुष्यभर पक्षी काढले.